ताज्या घाण्याचं आईस्क्रीम: फ्रोझन कस्टर्डचं दुकान कसं चालतं

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहरात, फ्रोझन कस्टर्डच्या दुकानात गेलात तर ऑर्डर देण्याआधी मिनिटभर बाजूला उभं राहा आणि काउंटरमागचं यंत्र बघा. स्टीलच्या आडव्या पिंपाच्या तोंडातून फिकट पिवळा, जाड पट्टा बाहेर येत असतो. तो धारेसारखा पडत नाही. स्वतःच्याच वजनाने हळूहळू घसरत खालच्या भांड्यात उतरतो आणि साडीच्या निऱ्या पडाव्यात तशा घड्या घालत साचतो. वरचा पृष्ठभाग ओलसर, चकचकीत असतो. माणूस सपाट उलथन्यासारख्या हत्याराने तो उचलतो, कपात दाबतो आणि तुमच्या हातात देतो. यंत्रातून निघून तुमच्या जिभेवर येईपर्यंत त्याला फार तर काही तास झालेले असतात, गर्दीच्या वेळी काही मिनिटंच.

या दुकानांबद्दलचे बहुतेक प्रश्न त्या अवधीपाशी येऊन सुटतात. चवी मोजक्याच का, रोज एक नवी चव का, घरी नेलं की मजा का जाते, आणि हे धंदे एकेका घराण्याकडे तीन-तीन पिढ्या का राहतात, हे सगळं त्यात आलं. आपल्याकडच्या भज्यांच्या गाडीचा जो नियम, तोच इथला: घाणा काढला की संपवायचा, मग पुढचा.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठी घरात कस्टर्ड म्हणजे डब्यातली पिवळी पावडर, दूध, साखर आणि वर चिरलेली फळं. ती पावडर मुळात मक्याचा स्टार्च, रंग आणि सुगंध. तिचा जन्मच अंडं टाळण्यासाठी झाला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं चालत नसे, म्हणून त्यांनी १८३७ मध्ये ती तयार केली. अमेरिकेतलं फ्रोझन कस्टर्ड याच्या बरोबर उलट आहे. अंड्याचा बलक नसेल तर ते नाव लावताच येत नाही. तिथल्या केंद्रीय नियमाप्रमाणे त्यात किमान १० टक्के दुधाची स्निग्धता आणि वजनाच्या किमान १.४ टक्के बलकाचे घन पदार्थ असावे लागतात. आईस्क्रीमलाही स्निग्धतेची अट तीच, फरक फक्त बलकाचा. त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं: अशा दुकानातला शेक, सन्डे, कोन, काहीही मागितलं तरी त्याच्या बुडाशी अंडं असतं. काही दुकानांत फळांच्या रसाचा बर्फाळ प्रकार मिळतो, त्याची वेगळी चौकशी करावी.

१.४ टक्के हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो. एका मध्यम अंड्याचा बलक साधारण १७ ग्रॅमचा आणि त्यात निम्मं पाणी, म्हणजे घन भाग साडेआठ ग्रॅमच्या आसपास. एक किलो मिश्रणाला १४ ग्रॅम लागतात, म्हणजे दोन बलकांहूनही कमी. एवढ्याशा बलकाने एवढा फरक पडतो, कारण त्यात लेसिथिन असतं. दूध-सायीच्या मिश्रणात पाणी आणि स्निग्धता एकमेकांपासून दूर जायला बघतात. लेसिथिनच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं स्निग्धतेला. त्यामुळे स्निग्धतेचे बारीक थेंब सगळीकडे सारखे पसरून राहतात. शिवाय बलकातली प्रथिनं तापल्यावर मिश्रणाला दाटपणा देतात. बासुंदी दाट होते ती पाणी आटवून; कस्टर्ड दाट होतं ते पाणी आत धरून ठेवून. म्हणूनच बासुंदीत आटलेल्या दुधाचा खमंगपणा असतो आणि कस्टर्डमध्ये ताज्या दुधाची चव टिकते.

आता हवा. आईस्क्रीम विकताना आपल्याला सगळ्यांत कमी सांगितली जाणारी गोष्ट ही. मिश्रण गोठवताना घुसळलं की त्यात हवा शिरते आणि आकारमान फुगतं. या फुगण्याला ओव्हररन म्हणतात. एक लिटर मिश्रणाचं दोन लिटर आईस्क्रीम झालं तर ओव्हररन १०० टक्के. हे बेकायदेशीर नाही. भारतातल्या नियमानुसार एक लिटर आईस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम हवं. अमेरिकेचा नियम गॅलनला साडेचार पौंड, म्हणजे लिटरला सुमारे ५४० ग्रॅम. मिश्रण लिटरला १.१ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे दोन्ही देशांत जवळजवळ निम्मी हवा चालते. फ्रोझन कस्टर्डचं ओव्हररन साधारण १५ ते ३० टक्के असतं. लिटरभर कस्टर्ड ९०० ग्रॅमच्या आसपास भरतं. १०० मिलीच्या वाटीत स्वस्त आईस्क्रीम ५५ ग्रॅम बसेल, कस्टर्ड ९०. कप हातात घेतल्यावर तो जड लागतो, तो हा फरक. दुकानदार हवा विकत नाही, हे तराजूशिवायही कळतं.

पण हवा कमी म्हणजे एक अडचण आलीच. हवेचे बुडबुडे आईस्क्रीमला मऊ ठेवतात. भरीव कस्टर्ड उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलं तर ते विटेसारखं घट्ट होतं. यावर इलाज एकच: ते तेवढं गार होऊच द्यायचं नाही. कारखान्यातलं आईस्क्रीम यंत्रातून अर्धवट गोठलेलं निघतं, मग उणे ३० किंवा त्याहून थंड खोलीत कडक केलं जातं, म्हणजे ते ट्रकमधून, दुकानातून, तुमच्या फ्रीझरपर्यंत टिकावं. कस्टर्डमध्ये हा कडक करण्याचा टप्पाच गाळलेला असतो. ते उणे ६-७ अंशांना यंत्रातून निघतं आणि उणे ८ च्या आसपास वाढलं जातं. त्या तापमानाला त्यातलं साधारण निम्मंच पाणी बर्फ झालेलं असतं; बाकीचं साखरेच्या दाट पाकाच्या रूपात द्रवच असतं. त्यामुळे चमचा सहज जातो, जीभ बधिर होत नाही, आणि म्हणून व्हॅनिलाचा वासही जास्त लागतो.

यंत्राचं काम नीट समजलं तर पुढचं सगळं सोपं आहे. चार अंशांना ठेवलेलं मिश्रण वरून आपल्या वजनाने पिंपात उतरतं. पिंपाची भिंत बाहेरून अतिथंड केलेली असते. मिश्रण भिंतीला लागलं की क्षणात बर्फाचा पापुद्रा धरतं, आणि आत फिरणाऱ्या दांड्याची पाती तो लगेच खरवडून मधल्या लगद्यात मिसळतात. पापुद्रा जितका पातळ असताना निघेल, तितके बर्फाचे कण बारीक. कण साधारण ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे गेले की जिभेला टोचायला लागतात. पाती बोथट झाली की भिंतीवर बर्फाचा थर तसाच राहतो. बर्फ उष्णता नीट वाहू देत नाही, म्हणून गोठण्याचा वेग मंदावतो आणि कण मोठे होतात. मालक यंत्राच्या आवाजाकडे कान देऊन असतात ते याचसाठी. लगदा घट्ट झाला की मोटरवर ताण येतो आणि सूर बदलतो. मग मिश्रणाची आवक किंचित वाढवायची. पट्टा फार सैल येत असेल तर कमी करायची.

सॉफ्ट सर्व्ह म्हणजे मॉलमधला कोन याचाच भाऊ वाटतो, पण दोघांत मूलभूत फरक आहे. तिथे मिश्रण पिंपात थांबून राहतं आणि दांडा ओढला की बाहेर येतं. गिऱ्हाईक नसेल तर तेच मिश्रण पुन्हा पुन्हा घुसळलं जातं. त्यात स्निग्धताही बहुधा ३ ते ६ टक्के असते. १० टक्के स्निग्धतेचं मिश्रण असं घुसळत ठेवलं तर लोणी निघायला लागेल. कस्टर्ड यंत्रात थांबत नाही, एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. म्हणून हवा कमी शिरते, लोणी निघत नाही, आणि म्हणूनच निघालेलं लगेच विकावं लागतं.

दुकानाची सगळी मांडणी यातून घडते. एका पिंपात एका वेळी एकच चव बनते. चव बदलायची तर पिंप रिकामं करून धुवायचं. म्हणून व्हॅनिला आणि चॉकलेट कायमची, विस्कॉन्सिनमध्ये सोबत बऱ्याचदा बटर पेकन (पेकन म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा), आणि एखादी आजची चव. महिन्याचं वेळापत्रक छापून लावलेलं असतं आणि लोक आपल्या आवडीची तारीख लक्षात ठेवून येतात. पंचवीस चवींची पाटी दिसली तर समजा, तिथे बराच माल कडक करून साठवलेला आहे. तो वाईट असेलच असं नाही, पण ताज्या घाण्याचा तो अनुभव नव्हे.

या पदार्थाची सुरुवात न्यूयॉर्क शहरातल्या कोनी आयलंडवर झाली. पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क गावचे कोर बंधू घरोघर दूध घालणारे. त्यांनी आईस्क्रीमचं यंत्र स्वतः सुधारलं आणि १९१९ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर दुकान लावलं. बलक घातल्याने माल उन्हात जरा जास्त टिकतो, हे त्यांना उमगलं होतं. पहिल्या शनिवार-रविवारी पाच सेंटला एक याप्रमाणे १८,४६० कोन विकले, असं ते घराणं सांगतं. १९३३ मधल्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हा पदार्थ अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या लोकांपुढे आला. शेजारचं विस्कॉन्सिन तर दुधा-लोण्याचंच राज्य, तिथे तो रुजला तो कायमचा. मिलवॉकीत गिलीज १९३८ चं, लिऑन्स १९४२ चं, कॉप्स १९५० चं. कॉप्स एल्सा कॉप या बाईंनी सुरू केलं. पुढे देशभर पसरलेली कल्व्हर्स ही साखळीही १९८४ मध्ये सॉक सिटी या छोट्या गावात एका कुटुंबानेच काढली. शिकागोच्या मराठी मंडळींना मिलवॉकी जेमतेम दीडशे किलोमीटर. पाहुणे आले की नुसता मिशिगन तलाव दाखवून परत आणू नका, एवढं आवर्जून सांगावंसं वाटतं.

मिसूरीतल्या सेंट लुईसमध्ये टेड ड्रूझ या घराण्याचं दुकान आहे, जुन्या रूट ६६ रस्त्यावरचं, १९४१ पासूनचं. तिथला काँक्रीट नावाचा प्रकार १९५९ चा. दूध न घालता कस्टर्ड आणि वरचं सामान घुसळलेला शेक इतका दाट असतो, की वाढणारा माणूस कप उलटा करून दाखवतो आणि थेंबही पडत नाही. हेच घराणं हिवाळ्यात त्याच आवारात ख्रिसमसची झाडं विकतं. कस्टर्ड हा मुख्यतः उन्हाळ्याचा धंदा, तो वर्षभर तगवायचा तर अशी जोड लागते.

घराणी का टिकतात, याचं कारण प्रेमाइतकंच कामाच्या स्वरूपात आहे. संध्याकाळी किती घाणे काढायचे, याचा अंदाज हवामान, वार आणि शाळेचा सामना बघून बांधावा लागतो. जास्त काढलं तर ते भांड्यात बसून खराब होतं, कमी काढलं तर रांग खोळंबते. रात्री दुकान बंद झाल्यावर यंत्राचा प्रत्येक भाग सुटा करायचा: दांडा, पाती, रबरी कड्या. धुवायचा, जंतुनाशकात बुडवायचा, कड्यांना खाण्याच्या दर्जाचं ग्रीस लावून पुन्हा जोडायचा. एक कडी कोरडी राहिली तर दुसऱ्या दिवशी दांड्याच्या बुडातून मिश्रण झिरपतं. पगारी माणूस हे नीट करूही शकतो, पण मालक स्वतः उभा असेल तर त्यात चालढकल होत नाही.

कच्च्या अंड्याची भीती मात्र बाळगू नका. मिश्रण आधी पाश्चराइज केलेलं असतं, एक तर ६८ अंशांच्या वर अर्धा तास, नाहीतर सुमारे ८० अंशांना २५ सेकंद. बहुतेक दुकानं ते डेअरीकडून तयारच घेतात.

पहिल्या भेटीत साधं व्हॅनिला घ्या. कपात, वर काही न घालता. सुकामेवा आणि कॅरॅमल घातलं की सगळे दोष लपतात. रोख पैसे जवळ असू द्या, काही जुनी दुकानं कार्ड घेत नाहीत. पहिला घास जिभेने टाळूला दाबून बघा. कुरकुरीत कण लागले आणि ते लगेच विरघळले तर तो बर्फ: पाती बोथट, नाहीतर माल वितळून पुन्हा गोठलेला. रव्यासारखे कण लागले आणि ते विरघळेचनात, तर ती दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, दाणे धरून बसली आहे. दूध पावडर जास्त पडली किंवा माल बराच काळ पडून राहिला की हे होतं. गिळल्यावर टाळूला तुपासारखा थर राहिला तर ते जादा घुसळलं गेलं. उकडलेल्या अंड्याचा वास आला तर शिजवताना जास्त तापलं. च्युइंगमसारखी चिवट तार आली तर घट्टपणासाठी डिंक वर्गातलं काहीतरी हात सैल सोडून घातलंय. आणि चांगलं असेल तर यातलं काहीच जाणवत नाही. गार, गुळगुळीत, जड, आणि गिळल्यावर तोंड स्वच्छ.

घरी न्यायचं असेल तर डबा शेवटी घ्या, वीस मिनिटांच्या आत फ्रीझरमध्ये टाका, आणि एका खेपेत जेवढं संपेल तेवढंच आणा. वितळलेला भाग पुन्हा गोठताना नवे कण तयार होत नाहीत, आहेत त्यांच्यावरच बर्फ चढत जातो आणि ते मोठे होतात. दर वेळी डबा बाहेर काढला की हे थोडं थोडं होतंच. खाण्याआधी डबा पंधरा-वीस मिनिटं साध्या फ्रिजमध्ये ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये नको, कडा वितळतात आणि मध्ये दगड राहतो.

अमेरिकेला न जाता हे जमतं का? जमतं, आणि त्यासाठी आपल्या माळ्यावरचा आईस्क्रीमचा पॉट खाली काढायचा. लाकडी बादली, मध्ये डबा, बाहेर बर्फ-मीठ आणि हाताने फिरवायचा दांडा, हे कस्टर्डच्या यंत्राचंच जुनं रूप आहे. आतली लाकडी फळी भिंत खरवडते, तीच पात्यांची जागा.

साधारण एक किलो मिश्रणासाठी ४५० मिली फुल क्रीम दूध, २५ टक्के स्निग्धतेची ३०० मिली पाकिटातली साय, १४० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम दूध पावडर, ५ बलक, चिमूट मीठ, एक चमचा व्हॅनिला. यात दुधाची स्निग्धता बरोबर १० टक्क्यांच्या आसपास येते. बलक नियमाच्या तिप्पट आहेत, ते मुद्दामच. हाताचा पॉट यंत्राइतका झटपट गोठवत नाही, तेव्हा कण बारीक ठेवायला दाट मिश्रणाचा आधार लागतो.

बलक आणि साखर फिकट होईपर्यंत फेटा. दूध, साय आणि पावडर एकत्र करून वाफ निघेपर्यंत तापवा, उकळू नका. त्यातलं पळीभर गरम दूध बलकात धार धरून घाला, ढवळत राहा, अशा दोन-तीन पळ्या झाल्या की बलक पातेल्यात परत ओता. एकदम ओतलंत तर बलकाची भुर्जी होईल. मंद आचेवर सतत हलवत ८२ अंशांपर्यंत न्या. थर्मामीटर नसेल तर लाकडी चमचा बुडवून काढा आणि त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघेच्या कडा ओघळल्या नाहीत तर झालं. ८५ च्या पुढे गेलं की फाटायला लागतं. बारीक कण दिसताच पातेलं थंड पाण्यात ठेवून रवीने घुसळा. सुरुवातीलाच सापडलं तर सावरतं. गाळा, बर्फाच्या पाण्यात गार करा, व्हॅनिला घाला आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, किमान चार तास तरी. या वेळात स्निग्धतेचे थेंब घट्ट होतात आणि प्रथिनं पाणी शोषतात. ही पायरी गाळणाऱ्यांचं आईस्क्रीम पाणचट होतं, आणि दोष ते पॉटला देतात.

बर्फ फोडून बारीक करा, सुपारीएवढा. चार किलो बर्फाला एक किलो जाडं मीठ, थर लावत. मीठ बर्फ वितळवतं, आणि वितळायला लागणारी उष्णता आतल्या डब्यातून ओढली जाते, म्हणून तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. मीठ कमी पडलं तर मिश्रण गोठतच नाही. डबा पाऊणच भरा. पहिली दहा मिनिटं दांडा सावकाश, पण न थांबता फिरवा. थांबलात तर भिंतीवर बर्फाचा थर बसतो आणि फळी त्याच्यावरूनच घसरत राहते. मग वेग थोडा वाढवा. पंचवीस-तीस मिनिटांत दांडा जड होतो. खारं पाणी डब्याच्या झाकणापर्यंत चढू देऊ नका, बादलीचं भोक मोकळं ठेवा. झाकण काढण्याआधी कडेचं मीठ ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर एवढी मेहनत एका खारट घासाने वाया जाते.

वाट्या आधीच फ्रीझरमध्ये गार करून ठेवा. फळी बाहेर काढली की तिला चिकटलेलं चाटायला पोरं टपलेली असतातच, ते त्यांना द्या, आणि बाकीचं लगेच वाढा. तासाभरात संपलं पाहिजे.